पाहुण्यांचा रकाना

१

सोमवारी सकाळी पावणेदहाला कार्यालयाची झाडलोट करणाऱ्या लंकाबाईंनी लोखंडी कपाट उघडलं, आत हात फिरवला आणि म्हणाल्या, "ताई, वही नाय."

उज्वला उभ्यानेच चहा पीत होती. बसून चहा प्यायची तिची सवय दिल्लीला गेल्यावर मोडली, त्याला आता नऊ वर्षं झाली. ती येवल्याच्या विणकराची मुलगी. परदेशातल्या एका पर्यावरण निधीतून भारतात जे सव्वीस प्रकल्प चालतात, त्या सगळ्यांची ती राष्ट्रीय समन्वयक होती. म्हणजे नक्की काय करतेस, असं तिच्या आईने एकदा विचारलं होतं. "सव्वीस ठिकाणचे लोक मला कागद पाठवतात, मी ते नीट लावून पुढे पाठवते," असं उज्वलाने सांगितलं. "मग तिथं जातेस कधी?" आईने विचारलं, तेव्हा उज्वलाने भाजीला मीठ कमी असल्याचा विषय काढला होता.

"नीट बघा लंकाबाई. खालच्या खणात?"

"तिन्ही खण बघितले. शनिवारी भिकादादा स्वतः घेऊन आले, मीच ठेवली. लाल कापडाची, ही एवढी." त्यांनी हातांनी पाटाएवढं माप दाखवलं.

ती वही म्हणजे पेठ तालुक्यातल्या करंजपाड्याच्या झऱ्याची तीन वर्षांची कुंडली होती. डोंगरावर चर खणले, दगडी बांध घातले, आणि मे महिन्यात आटणारा झरा आटेनासा झाला. याचा मूळ पुरावा एकच, पाड्यावरच्या भिका गावितची ही वही. दहा लिटरची बादली भरायला किती सेकंद लागले, हे तो दर एकादशीला मोजून तिच्यात लिहायचा. त्याच्या आधारावर आणखी पाच पाड्यांचं काम मंजूर व्हायचं होतं. बुधवारी सकाळी अकरा वाजता परदेशातून पाहणी पथक येणार होतं, आणि ते पहिल्यांदा हीच वही मागणार होतं.

कारण पाच दिवसांपूर्वी निधीच्या तक्रार कक्षाकडून उज्वलाला एक मेल आली होती. करंजपाड्याच्या एका गावकऱ्याने पत्र लिहून कळवलं होतं की मोजणी खोटी आहे, २३ मेचं तर वहीतलं सगळंच खोटं आहे, आकडे घरी बसून लिहिले आहेत. मूळ वही बुधवारपर्यंत दाखवता आली नाही, तर तक्रार खरी धरली जाईल, काम बंद होईल आणि भिका गावित हे नाव अविश्वसनीय व्यक्तींच्या यादीत जाईल, असं मेलमध्ये सौम्य इंग्रजीत म्हटलं होतं.

उज्वलाने कप खिडकीत ठेवला. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या त्या दोन खोल्यांच्या कार्यालयासमोर एक वड होता. पंधरा दिवसांपूर्वीच्या वटपौर्णिमेचा दोरा त्याला अजून गुंडाळलेला होता. तिने तो पाहिला, पण तिचं लक्ष कुठेच ठरत नव्हतं.

"किल्ली कुठे असते?"

आता हे सांगायची जरा लाजच वाटते, पण सांगायला हवं. तीन वर्षांचा पुरावा ज्या कपाटात होता त्याची किल्ली भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरमागे खिळ्याला टांगलेली असायची, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"काल कोण कोण आलं होतं?"

"तुम्ही नव्हता, येवल्याला होता. धनराजसाहेब, वेदिकाताई आन् ते दिल्लीचे शेखरसाहेब. बुधवारच्या कार्यक्रमाची तालीम चालली होती. पण ताई, जाताना कुणाच्या हातात एवढी मोठी वही नव्हती. कुलूप लावायला मी दारातच बसले होते."

२

वेदिका नाशिकचीच, सव्वीस वर्षांची. प्रकल्पाची सगळी आकडेवारी ती सांभाळायची. कागदावर तिचा राग होता आणि तो तिने कधी लपवला नव्हता.

"मॅडम, मी चार वेळा म्हटलंय, ती वही हरवली तर बरंच होईल. पण म्हणून मी ती हरवीन का?"

"तू चिडू नकोस. मी सगळ्यांनाच विचारतेय."

"वहीतले सगळे आकडे माझ्या ऍपमध्ये आहेत. अगदी पहिल्या दिवसापासून. भिकादादा फोनवर सेकंद सांगतात, मी भरते. वही चोरून कुणाला काय मिळणार? आकडे तर तिथे आहेतच!"

उज्वला खोलीत येरझारा घालत होती, ती थांबली. मुलगी बरोबर बोलत होती. आकडे लपवायचे म्हणून वही पळवण्यात काही अर्थ नव्हता.

"काल तू कशी गेलीस?"

"स्कूटरवर. शेखर सरांना हॉटेलवर सोडलं. त्यांच्याकडे ती लॅपटॉपची चपटी बॅग होती, आणि माझ्याकडे डबा." ती जरा घुटमळली. "मॅडम, सांगू का? धनराज सर परत आले होते. मी माझं हेल्मेट विसरले म्हणून वळले, तर ते कपाटाशी उभे होते. मला बघून त्यांनी दार धाडकन लावलं."

३

करंजपाड्याचं काम प्रत्यक्ष करणारी ही नाशिकची संस्था धनराज चालवायचा. दिंडोरीत घरची द्राक्षबाग, ती भावावर टाकून तो गेली बारा वर्षं डोंगरातल्या पाण्याच्या मागे लागला होता. उज्वला आणि तो एका कॉलेजात शिकले होते. त्याच्यावर संशय घेणं तिला जड गेलं.

"धनराज, काल संध्याकाळी कपाट कशाला उघडलंस?"

त्याचा चेहरा उतरला. "कुणी सांगितलं?"

"मी काय विचारते ते सांग."

तो उठला. कपाटाच्या वरच्या खणात मागे हात घालून त्याने एक चपटा खोका काढला. आत मोरपंखी पैठणी होती.

"पथकाच्या प्रमुखबाईंसाठी. तुमच्याच येवल्याची. नियमात बसत नाही हे माहीत आहे, म्हणून गुपचूप ठेवली. आपल्याकडे पाहुणी रिकाम्या हाताने कशी पाठवायची, उज्वला?"

उज्वलाला हसू आलं आणि रागही आला. या माणसाने एका पदरापायी सगळा प्रकल्प घालवला असता.

"ही आजच परत कर. आणि खरं सांग, तेव्हा वही होती?"

"मी माझ्याच चोरीत होतो गं. दुसऱ्याची चोरी बघायला सवड कुठे होती?"

४

शेखर उज्वलाचा उजवा हात. करोलबागेतल्या मराठी घरात जन्मलेला, शुद्ध पण जरा पुस्तकी मराठी बोलणारा, कधीही आवाज न चढवणारा. प्रत्येक प्रकल्पावर तीन महिन्यांतून एकदा जाऊन प्रत्यक्ष पाहणी करायची आणि अहवाल लिहायचा, हे त्याचं काम. त्याचे अहवाल इतके सुबक असत की उज्वला शेवटच्या पानावर सरळ सही करायची.

"२३ मेला तू करंजपाड्यात होतास ना? तुझा अहवाल आहे," तिने विचारलं.

"हो मॅडम. शुक्रवार होता. मोजणी माझ्यासमोर झाली. म्हणूनच ही तक्रार वाचून मला आश्चर्य वाटलं."

"मग तूच साक्षीदार आहेस. झालं की काम!"

"माझी साक्ष त्यांना कितपत चालेल?" तो हळूच म्हणाला. "मी आपलाच माणूस. मला तर वाटतं, भिका गावितांनीच वही मागे घेतली असावी. बिचारे घाबरले असतील."

"नक्की आठवतं ना, तेवीसच?"

"पक्कं. शनिवार-रविवार नाशिकलाच थांबलो, सोमवारी घरी पोचलो. त्या दिवशी बायकोची वटसावित्री होती. माझी बॅग दारात आणि ती उपाशी, म्हणून लक्षात आहे."

उज्वलाने मान डोलावली. उत्तर चोख होतं. तरी तिच्या मनाला कसलीशी टोचणी लागली, कुसळ शिरावं तशी, आणि ते कुसळ कुठे आहे ते तिला सापडेना.

५

दुपारी दीडच्या एसटीने भिका आला. साठीचा, काटकुळा, गळ्यात तुळशीची माळ. वही गेल्याचं धनराजने फोनवर सांगितलं होतं. तो खुर्चीत बसला नाही, कपाटासमोर जाऊन उभा राहिला.

"तीन वर्साची एकादस हाय तिच्यात, ताई. एक बी चुकली नाय."

"एकादशीलाच का मोजता, दादा?"

"उपास असतो. त्या दिवशी कामाला नाय जात. मंग झऱ्याव जातो. शनवारी बी मोजलं, मंग एसटी धरली."

"दादा, मला सांगा, वहीत काय काय लिहिता?"

"तिथी. तुमची तारीख. बादली भराया किती शेकंद. आन् कोन आलं."

"कोण आलं म्हणजे?"

"पाव्हनं. बादली धराया मानूस लागतो ना. कोनी आलं तं त्याला धराया लावतो, नाय तं बायकोला नेतो. ज्याचं त्याचं नाव लिवतो. कोनी नाय आलं तं 'कोनी नाय' आसं लिवतो."

उज्वलाने वेदिकाकडे पाहिलं. वेदिकाने मान हलवली. "ऍपमध्ये पाहुण्यांचा रकाना नाहीये मॅडम. कुणी मागितलाच नव्हता."

"तुमचं बी नाव हाय, ताई," भिका सहज म्हणाला.

उज्वलाने कपाटाचं उघडं दार लावून घेतलं.

"पर मला सांगा," भिका कपाटाकडून वळला, "माज्या गावातल्या कोनी आसं लिवलं? कोनी? नाव तं सांगा. मी त्याच्या दारात जातो."

नाव कुणालाच माहीत नव्हतं. मेलमध्ये पत्राचं फक्त इंग्रजी भाषांतर होतं. करंजपाड्याचं मराठी पत्र समुद्रापार गेलं होतं, इंग्रजी होऊन दिल्लीला आलं होतं आणि दिल्लीची मराठी बाई ते इंग्रजीतच वाचून पाच दिवस तळमळत होती. उज्वलाला स्वतःची शरम वाटली. तिने त्याच क्षणी तक्रार कक्षाला मेल टाकली: मूळ पत्राची प्रत पाठवा, तक्रारदाराचं नाव झाकून पाठवलंत तरी चालेल.

६

प्रत साडेतीनला आली. नाव काळ्या पट्टीखाली होतं. मजकूर संगणकावर टाइप केलेला, खाली निळ्या शाईचा अंगठा.

"आम्ही करंजपाड्याचे गरीब आदिवासी कळवितो की, गेल्या ज्येष्ठ वद्य एकादशीला, म्हणजे २३ मे रोजी, वहीत जे लिहिले ते घरी बसून लिहिले. सदर मोजणी खोटी आहे. दिनांक १२ जून."

भाषांतर करणाऱ्याने तिथी गाळून फक्त तारीख ठेवली होती. परदेशातल्या माणसाला तिथी काय कळणार!

उज्वलाने पत्र दोनदा वाचलं. मग ती खिडकीशी गेली. समोर वड होता, वडाला दोरा होता. ती भिंतीवरच्या कॅलेंडरशी गेली, मे महिन्याचं पान उलटून पाहिलं, जूनचं पाहिलं. मग खाली बसली. दिवसभरात पहिल्यांदा बसली.

"लंकाबाई," ती म्हणाली, "कार्यालयात असा खोका कुठला आहे जो कुणीच कधी उघडत नाही?"

लंकाबाईंना विचार करावा लागला नाही. "गेल्या वर्षीच्या इंग्रजी अहवालांचा. त्याच्यावर मी बादली ठेवते."

"बादली उतरवा. आणि सगळ्यांना आत बोलवा."

७

"एक छोटा प्रश्न आहे," उज्वला म्हणाली. "पत्राला उत्तर लिहायचंय, त्यासाठी हवाय. २३ मेची एकादशी कोणत्या महिन्यातली? वेदिका?"

वेदिकाने कॅलेंडर पाहिलं. "वैशाख वद्य."

"धनराज?"

"वैशाखच. वटपौर्णिमा ज्येष्ठाची, ती झाली दहा जूनला. तिच्या आधी ज्येष्ठ वद्य येईल कुठून?"

"शेखर?"

शेखरच्या हातात फोन होता. त्याने बोट फिरवलं. "ज्येष्ठ, मॅडम. ज्येष्ठ कृष्ण एका..." आणि तो थांबला. उरलेली तिथी त्याच्या तोंडातच राहिली.

"दिल्लीत ज्येष्ठ, बरोबर आहे तुझं," उज्वला म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "तिकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. म्हणून वद्य पंधरवड्यात त्यांचा महिना आपल्या एक पाऊल पुढे असतो. दिल्लीतल्या पहिल्या वर्षी मी याच्यापायी आईच्या शिव्या खाल्ल्यात. तिकडच्या रीतीने तुझ्या बायकोची वटसावित्री अमावास्येला, २६ मेला. आपल्या बायकांची पौर्णिमेला, पंधरा दिवसांनी. सकाळी तू सांगितलंस तेव्हाच मला कळायला हवं होतं."

शेखरने फोन टेबलावर पालथा ठेवला.

"करंजपाड्यातली ज्येष्ठ वद्य एकादशी परवाच्या शनिवारी झाली, २१ जूनला. पत्र १२ जूनचं आहे. शेखर, ज्या दिवसाबद्दल गावकरी रडतोय तो दिवस त्याच्या गावात तेव्हा उजाडलाही नव्हता. गावची माणसं तिथीत बोलतात हे तुला माहीत होतं, म्हणून पत्र गावठी दिसावं यासाठी तू तिथी घातलीस. 'कृष्ण'चं 'वद्य' केलंस. पण महिना दिल्लीचाच राहिला."

"तिथी कुणीही फोनवर बघू शकतं, मॅडम."

"बघू शकतं. पण वही कशासाठी पळवायची, ते सांग. आकडे ऍपमध्ये आहेत. वहीत आहे आणि दुसरीकडे कुठेच नाही अशी एकच गोष्ट, पाहुण्यांचा रकाना. पथक बुधवारी तो वाचणार, आणि २३ मेपुढे लिहिलं असणार 'कोणी नाही'. तुझ्या अहवालात मात्र तू तिथे होतास. वही आधीच खोटी ठरली की तिच्यातलं 'कोणी नाही'सुद्धा खोटं ठरतं." तिने पत्राची प्रत पुढे सरकवली. "आणि हा अंगठा. जुळवून बघायचा का?"

शेखरने उजवा हात टेबलाखाली घेतला. तेवढं पुरे होतं.

लंकाबाई आत आल्या. त्यांच्या हातात बादलीखालच्या खोक्यातून निघालेली लाल कापडाची वही होती.

"सव्वीस प्रकल्प, अकरा राज्यं," शेखर म्हणाला. "दर तीन महिन्यांनी प्रत्येक ठिकाणी प्रत्यक्ष. हे शक्य आहे का, असं तुम्ही कधी विचारलंत, मॅडम? पहिल्यांदा फोटोंवरून लिहिलं. तुम्ही सही केलीत. मग तसंच चालू राहिलं. पाहुण्यांची नावं लिहितात हे गेल्या महिन्यात भिकादादांनी फोनवर सांगितलं, 'साहेब, तुमचं नाव अजून एकदा बी नाय आलं' म्हणाले. तेव्हापासून झोप नाही मला." त्याने चष्मा काढला. "वही फाडून टाकणार होतो. काल उघडली. दोन वर्षांपूर्वीचं एक पान होतं, बादली भरायला एकोणीस मिनिटं. एकोणीस मिनिटं कुणीतरी बादलीपाशी बसून होतं. नाही फाडता आली."

भिकाने वही छातीशी धरली होती. रागाने तो काही बोलेल असं सगळ्यांना वाटलं, पण तो त्या पत्राच्या प्रतीकडेच बघत होता.

"साहेब," तो म्हणाला, "आंगठा कशाला लावला? आमच्या पाड्यात आता म्हाताऱ्या बी सही करतात."



८

वही उज्वलाने मागून घेतली. "वै. व. ११. २३ मे. २२० शेकंद. पाव्हने - कोनी नाय." तिने तिथे पिवळी चिठ्ठी लावली. मग ती पानं मागे उलटत गेली. कुणी सांगायची गरज नव्हती, आपलं पान कुठे आहे ते तिला माहीत होतं.

"का. शु. ११. १२ नोव्हेंबर. ४१ शेकंद. पाव्हने - उज्वलाबाई आल्या. रस्त्यावर फोन आला. गाडीतून उतरल्या नाय."

त्या भेटीच्या अहवालात तिने लिहिलं होतं, झऱ्याची प्रत्यक्ष पाहणी केली. फोन परदेशातून आला होता, चाळीस मिनिटं चालला, आणि पायवाट चिखलाची होती. कारणं सगळी खरी होती. अहवाल खोटा होता.

तिने दुसरी चिठ्ठी लावली.

"एक पुरे की गं," धनराज हळू आवाजात म्हणाला. "तुझी नोकरी जाईल."

"दोनच राहू दे," उज्वला म्हणाली. तिला रडू येत होतं आणि तरी सकाळपासून छातीवर बसलेलं ओझं उतरत होतं. "भिकादादांची वही खरी आहे ना? मग ती माझ्यासाठीसुद्धा खरी असायला हवी."

मंगळवारी सकाळी ती भिकाबरोबर पेठच्या एसटीने निघाली, वही त्याच्या पिशवीत होती. फाट्यापासून झऱ्यापर्यंतची पायवाट पाऊण तासाची. तिच्या चपला दोनदा चिखलात अडकल्या, दुसऱ्यांदा तिने त्या हातातच घेतल्या. झरा जांभळाच्या मुळाशी होता, तिला वाटला होता त्यापेक्षा पुष्कळ लहान. ती ओंजळीने पाणी प्यायली.

"मोजायचं का, दादा? मी बादली धरते."

"आज एकादस नाय," भिका म्हणाला. "आज मोजायचं नसतं."

तो दगडावर बसला, मांडीवर वही उघडली आणि कानामागचं पेन काढून सावकाश, एकेक अक्षर दाबत लिहू लागला. उज्वलाने त्याच्या खांद्यावरून वाचलं.

"ज्ये. व. १४. २४ जून. मोजनी नाय. पाव्हने - उज्वलाबाई."

तो थांबला, तिच्या चिखलाने भरलेल्या पावलांकडे त्याने एकदा पाहिलं, आणि पुढे एकच शब्द घातला.

"पायी."